खुब्याचा बॉल वाचतो का? एव्हीएनच्या उपचारांचा आढावा

करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, 2021 मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांनाही करोना होऊन गेला होता, उपचारात स्टेरॉइड दिले गेले होते आणि त्यानंतर त्यांच्या खुब्यातले हाड रक्ताअभावी मरू लागले होते. त्रास सुरू झाला तो करोनाच्या निदानानंतर सरासरी 58 दिवसांनी. एरवी स्टेरॉइड घेतल्यापासून सहा महिने ते वर्षभराचा काळ जातो. शिवाय या तिघांना मिळालेले स्टेरॉइड सरासरी 758 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके होते. पूर्वीच्या वैद्यकीय साहित्यात हा आजार साधारण 2000 मिलिग्रॅमच्या आसपास दिसतो असे म्हटलेले आहे. बातमी वर्तमानपत्रांत आली आणि 'एव्हीएन' ही तीन अक्षरे, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, घरोघरी पोचली.

आजार मात्र नवा नाही. त्याच्यावरचा वादही निदान पाऊण शतकाचा आहे. हाड मेल्याचे कळल्यावर सांध्याचा बॉल वाचवता येतो का, कोणाचा येतो आणि कशाने, एवढाच तो वाद आहे. औषधवाले, छिद्र पाडणारे, पेशी भरणारे, हाड वळवणारे आणि सरळ सांधा बदला म्हणणारे, असे त्यातले पक्ष. प्रत्येकाजवळ पुरावा आहे. हे सगळे पुरावे शेजारी मांडले तर काय दिसते, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

रक्ताची अरुंद वाट

रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा प्रकार मनगटाच्या, घोट्याच्या, खांद्याच्या, गुडघ्याच्या हाडांतही होतो. पण सर्वाधिक होतो तो खुब्यात, आणि त्याचे कारण रचनेत आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, ज्याला दवाखान्यात सगळेच 'बॉल' म्हणतात, तो जवळजवळ पूर्णपणे कूर्चेने मढलेला असतो. कूर्चेतून रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. त्यामुळे रक्त येते ते मुख्यतः मांडीच्या आतल्या बाजूने वळसा घालून येणाऱ्या एका धमनीच्या बारीक फांद्यांतून. या फांद्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. ट्रुएटा आणि हॅरिसन यांनी 1953 मध्ये या वाहिन्यांचा नकाशा मांडला, आणि तो आजही शस्त्रक्रियेच्या खोलीत उपयोगी पडतो. मानेचे हाड मोडले की या फांद्या तुटतात. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडल्यावर डॉक्टर अनेकदा तो जोडण्याऐवजी बदलायला सांगतात, त्याचे एक कारण हेच.

अपघातात वाट बाहेरून तुटते, हे समजायला सोपे आहे. अपघात नसताना ती आतून कशी बंद होते, हे कोडे अधिक अवघड आहे.

ओळख पटायला लागलेला काळ

'नेक्रोसिस' या नावाने हाडांच्या मरणावर एडिनबर्गच्या जेम्स रसेल यांनी 1794 मध्ये पुस्तक लिहिले, पण त्यांच्यासमोर होती ती पू झालेली हाडे. जंतूंशिवायही हाड मरते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. 1910 मध्ये बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पेर्थेस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे लहान मुलांच्या खुब्याचा तोच आजार वर्णिला, ज्याला आपण आज पेर्थेस म्हणतो. 1911 मध्ये हॅम्बुर्गला एल्बे नदीखालच्या बोगद्यात दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांच्या सांध्यांत हाच प्रकार आढळला. दाब झपाट्याने उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. रक्त अडण्याचे हे एक उघड उदाहरण होते.

1948 मध्ये अमेरिकेच्या फ्रिमाँट चँडलर यांनी या आजाराला 'खुब्याचा कॉरोनरी आजार' म्हटले. हृदयाची धमनी बंद झाली की स्नायू मरतो, तसेच इथे हाड मरते, हा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले गेले, आणि नऊ वर्षांतच, 1957 मध्ये, इटलीच्या पिएत्रोग्रांदे आणि मास्त्रोमारिनो यांनी स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात खुब्याचे हाड मेल्याची नोंद केली. औषध आणि आजार यांची ही सोबत तेव्हापासून सुटलेली नाही.

कारणे

आज अपघाताखेरीजच्या रुग्णांत दोन कारणे सर्वांत मोठी धरली जातात: स्टेरॉइड आणि दारू. बाकीची यादी लांब आहे. सिकलसेल, ल्युपस, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, गोशे आजार, एचआयव्ही, किरणोपचार ही त्यातली काही. आणि यातले काहीच नसलेले रुग्णही पुष्कळ असतात.

स्टेरॉइडच्या बाबतीत सार्सच्या साथीने एक दुर्दैवी प्रयोगच केला. 2003 मध्ये हाँगकाँगला स्टेरॉइड मिळालेल्या 254 रुग्णांचे नंतर एमआरआय काढले, तेव्हा 12 जणांत, म्हणजे सुमारे 5 टक्क्यांत, हाड मेलेले दिसले. एकूण मात्रा 3 ग्रॅम प्रेडनिसोलोनपेक्षा कमी असलेल्यांत धोका 0.6 टक्के होता, त्याहून जास्त असलेल्यांत 13 टक्के. दारूबाबत जपानच्या मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये असाच चढता आलेख दाखवला. आठवड्याला 400 मिलिलिटरपेक्षा कमी शुद्ध अल्कोहोल पिणाऱ्यांत धोका न पिणाऱ्यांच्या तिपटीहून थोडा जास्त, आणि लिटरच्या पुढे गेले की सुमारे अठरा पट.

मात्रा वाढली की धोका वाढतो, इथपर्यंत मतभेद नाही. त्या धोक्याचा मार्ग कोणता, यावर आहे. एक मत असे की मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, हाडाच्या आतला दाब वाढतो आणि बारीक शिरा चेपल्या जातात. दुसरे मत चरबीचे कण रक्तात सुटून वाहिन्या बुजवतात असे. तिसरे मत रक्त गोठण्याच्या जन्मजात कलाकडे बोट दाखवते. तैवानमध्ये काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या आजारामागे कोलाजेनच्या एका जनुकातला बदल सापडला, आणि तिथे तर रक्ताऐवजी हाडा-कूर्चेच्या घडणीचाच प्रश्न पुढे येतो. माझ्या मते हे सगळे मार्ग खरे असावेत, वेगवेगळ्या माणसांत. त्यातला कोणता समोरच्या रुग्णात चालू आहे हे ओळखण्याची चाचणी मात्र दवाखान्यात उपलब्ध नाही, आणि म्हणूनच सगळ्यांवर एकच उपचार केला जातो.

महाराष्ट्रासाठी सिकलसेलचा मुद्दा वेगळा आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि खुब्यात नेमके तेच घडते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (1991) सिकलसेलच्या सुमारे 10 टक्के रुग्णांत खुब्याचे हाड मेलेले आढळले होते. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर रक्ततपासणीवर आहे, आणि तो बरोबरच आहे. पण गडचिरोलीतला विशीतला मुलगा लंगडत आला, तर त्याच्या खुब्याचा एमआरआय कुठे आणि कोणाच्या खर्चाने होणार, हा पुढचा प्रश्न आहे.

मेल्यावर काय होते

इथे थोडे थांबायला हवे, कारण उपचारांवरचे बहुतेक वाद या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने गुंततात.

रक्त थांबल्यावर मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी साधारण 6 ते 12 तासांत मरतात, हाडाच्या पेशी 12 ते 48 तासांत, चरबीच्या पेशी काही दिवसांत. पण हाडाचा खनिजाचा सांगाडा तसाच उभा राहतो. मेलेले हाड लगेच खचत नाही. रुग्णाला दुखतही नाही, आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. खरी पडझड सुरू होते ती शरीर दुरुस्तीला लागल्यावर. कडेच्या जिवंत हाडातून नव्या वाहिन्या आत येतात, आणि त्यांच्याबरोबर जुने हाड खाणाऱ्या पेशी. नवे हाड बनवणाऱ्या पेशी मागून येतात आणि हळू काम करतात. वाडा दुरुस्त करताना नवी तुळई यायच्या आधीच जुनी काढून घेतली, तर माळा खाली येतो. तसे कूर्चेच्या लगेच खालचा हाडाचा थर चालण्याच्या भाराखाली मोडतो. एक्स-रेमध्ये तिथे चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते. बॉल चपटा होतो आणि मग तो ज्यात बसतो त्या कमरेच्या हाडातल्या वाटीची कूर्चाही झिजते.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. हाड मेले का, हा एक. बॉल ढासळेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एमआरआय देतो. दुसऱ्याचे उत्तर मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: मेलेला भाग केवढा आहे, आणि तो भार पेलणाऱ्या जागी आहे का.

2001 मध्ये जपानने केलेली वर्गवारी याच तत्त्वावर आहे. मेलेला भाग वाटीच्या भार घेणाऱ्या पट्ट्याच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यापुरता असेल तर तो प्रकार ए, आणि असा बॉल सहसा ढासळत नाही. भाग वाटीच्या बाहेरच्या कडेपलीकडे गेला तर सी-2, आणि तो बहुधा ढासळतो. दुखत नसलेल्या खुब्यांवरच्या अभ्यासांचा अमेरिकेच्या मायकेल माँट आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एकत्र आढावा घेतला. त्यात 664 पैकी 394, म्हणजे 59 टक्के खुबे पुढे दुखू लागले किंवा ढासळले. पण आतल्या बाजूचे लहान डाग असलेल्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांखाली होते. या फरकाकडे पाहिल्यावर 'एव्हीएन झालंय' हे वाक्य किती अपुरे आहे ते कळते.

निदान आणि टप्पे

दुखणे जांघेत असते, कधी मांडीत, कधी चक्क गुडघ्यात. आपल्याकडे रुग्ण बहुधा 'गादी सरकली', 'नस दबली' अशा निदानासह मणक्याचा एमआरआय घेऊन आलेला असतो. खुब्याचा एमआरआय कोणी सांगितलेलाच नसतो. ओळखायची साधी खूण अशी: रुग्णाला पाठीवर झोपवून गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवायचा आणि पाय बाहेरच्या बाजूला नेत मांडी आत फिरवायची. एव्हीएनच्या खुब्यात ही हालचाल सर्वांत आधी आखडते, आणि रुग्ण चेहरा वाकडा करतो. मांडी घालून जेवायला बसता येत नाही, देशी संडास नको वाटतो, ही तक्रारही त्यातलीच. तरुण माणसाच्या अशा तक्रारीला एक्स-रे चांगला आहे म्हणून परत पाठवणे, ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

टप्पे पाडण्याच्या पद्धती अनेक झाल्या. फ्रान्सचे फिका आणि आर्ले, पेनसिल्व्हेनियाचे स्टाइनबर्ग, आणि आंतरराष्ट्रीय संघटना आर्को यांच्या त्यांतल्या प्रमुख. आर्कोने 2019 मध्ये सुधारलेली मांडणी आज बरीच वापरली जाते. पहिल्या टप्प्यात एक्स-रे स्वच्छ, एमआरआयमध्ये दोष. दुसऱ्यात एक्स-रेमध्ये बदल, पण गोलाई शाबूत. तिसऱ्यात ढासळ, 2 मिलिमीटरपर्यंत '3 ए' आणि त्याहून जास्त '3 बी'. चौथ्यात सांधा झिजलेला. मेलेल्या भागाचा आकार मात्र या टप्प्यांत धरलेला नाही, ही तिची उणीव मला मोठी वाटते.

औषधांचा पक्ष

हाड खाणाऱ्या पेशींना आवर घातला तर नव्या हाडाला वेळ मिळेल, हा ॲलेंड्रोनेटसारख्या बिस्फॉस्फोनेट औषधांमागचा विचार. वर सांगितलेल्या दुरुस्तीच्या क्रमाशी तो नीट जुळतो. या पक्षाचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबईच आहे. अगरवाला आणि सहकाऱ्यांनी आधी सुरुवातीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 2009 मध्ये 395 खुब्यांचा आठ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा मांडला. आठवड्याला 70 मिलिग्रॅम, तीन वर्षे. ढासळण्याचे प्रमाण उपचाराविना अपेक्षित असते त्यापेक्षा बरेच कमी निघाले. तैवानच्या लाय यांच्या 2005 च्या चाचणीत गोळी घेणाऱ्या 29 खुब्यांपैकी 2 ढासळले, न घेणाऱ्या 25 पैकी 19.

इतका फरक पाहून प्रश्न मिटला असे वाटले असते. पण 2012 मध्ये तैवानमधूनच, अनेक रुग्णालयांत मिळून आणि खरी-खोटी गोळी कोणालाही न कळू देता केलेल्या चाचणीत ॲलेंड्रोनेट आणि नुसती साखरेची गोळी यांच्यात फरक दिसला नाही.

या विसंगतीवर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. मुंबईच्या अभ्यासांत तुलनेचा गट त्याच काळातला नव्हता, हा आक्षेप योग्य आहे. दुसरीकडे, 2012 च्या चाचणीत पाठपुरावा दोनच वर्षांचा होता. हे औषध स्वस्त आहे आणि शस्त्रक्रिया टाळते, म्हणून आपल्याकडे ते सर्रास दिले जाते. दात काढण्याआधी मात्र ते सुरू असल्याचे दंतवैद्याला सांगायलाच हवे. 2003 मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी याच वर्गातल्या औषधांमुळे जबड्याचे हाड मरत असल्याचे दाखवले होते. तो धोका मुख्यतः कर्करोगात शिरेतून मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांना असतो, गोळीवर कमी. तरीही कमी म्हणजे शून्य नव्हे.

छिद्र पाडणे आणि पेशी भरणे

कोअर डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे बॉलमध्ये छिद्र पाडून आतला दाब उतरवण्याचा, शोध जवळजवळ अपघाताने लागला. तुलूझला फिका आणि आर्ले हाडाच्या आतला दाब मोजत आणि तपासणीसाठी हाडाचा एक दांडा काढून घेत. रुग्णांना त्यानेच बरे वाटू लागले. 1985 मध्ये फिका यांनी 133 खुब्यांचे निकाल दिले: सुमारे 90 टक्के रुग्णांना आराम.

पुढच्या चाचण्यांनी हे चित्र डागाळले. 1991 ला स्टलबर्ग यांच्या तुलनात्मक चाचणीत शस्त्रक्रिया वरचढ ठरली. पण 1995 ला कोरियाच्या कू यांच्या चाचणीत शस्त्रक्रिया केलेल्या 18 पैकी 14 खुबे ढासळले, न केलेल्या 19 पैकी 15. म्हणजे काहीच फरक नाही. 2006 मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवरच्या चाचणीत नुसता व्यायाम आणि व्यायामासह डीकॉम्प्रेशन यांची तीन वर्षे तुलना झाली, आणि खुबा टिकण्याचे प्रमाण 86 आणि 82 टक्के निघाले. विदर्भातल्या डॉक्टरांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग छिद्रातून काहीतरी जिवंत भरावे, हा विचार आला. पॅरिसजवळच्या क्रेतेईचे फिलिप एर्निगू यांनी कमरेच्या हाडातली मज्जा काढून, घट्ट करून, मेलेल्या भागात सोडली. 2002 मध्ये त्यांनी 189 खुब्यांचे निकाल दिले. ढासळण्याआधी उपचार केलेल्या 145 पैकी फक्त 9 खुब्यांत सांधा बदलावा लागला. ढासळल्यानंतर केलेल्या 44 पैकी 25 खुब्यांत. 2018 मध्ये त्यांनी दोन्ही खुबे आजारी असलेल्या 125 रुग्णांचा दीर्घ हिशेब मांडला, एका बाजूला नुसते छिद्र आणि दुसऱ्या बाजूला मज्जा. नुसत्या छिद्राच्या बाजूचे 95 सांधे बदलावे लागले, मज्जेच्या बाजूचे 30.

हा या क्षेत्रातला सर्वांत आशादायी पुरावा आहे. पण तो एकाच शल्यविशारदाच्या हातचा आहे. त्याच 2018 साली युरोपातच ढासळलेल्या खुब्यांवर झालेल्या एका काटेकोर चाचणीत मज्जेचा उपयोग दिसला नाही, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाड बनवणाऱ्या पेशींची बेल्जियन कंपनीची मोठी चाचणी यश दिसत नसल्याने थांबवली गेली. त्याच्या वर्षभर आधी, 2017 मध्ये, भारताच्या औषध नियंत्रकांनी रुग्णाच्याच मज्जेतून वाढवलेल्या अशा पेशींच्या एका उपचाराला मंजुरी दिली होती. हा उपचार महाग आहे. परवानगी असणे आणि साध्या मज्जेपेक्षा जास्त उपयोग सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाच्या घरच्यांना पैसे भरण्याआधी स्पष्ट सांगायला हवे.

हाड वळवणे, हाड बसवणे

मेलेला भाग भाराच्या जागेवरून हलवायचा, म्हणून फुकुओकाच्या सुगिओका यांनी बॉल त्याच्या मानेभोवती फिरवण्याची शस्त्रक्रिया 1970 च्या दशकात बसवली. जपानमध्ये तिचे निकाल उत्तम आले, बाहेर तसे आले नाहीत. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या जेम्स अर्बानियाक यांनी 1979 पासून पायातले फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट खुब्यात बसवले. कोलकात्याचे दुर्गाप्रसाद बक्सी यांनी 1980 च्या दशकात स्नायूला जोडलेला हाडाचा तुकडा बॉलमध्ये बसवून निकाल प्रसिद्ध केले. सूक्ष्म शल्यक्रियेची सोय नसलेल्या रुग्णालयांना हा मार्ग जवळचा होता, आणि त्याची दखल बाहेर हवी तेवढी घेतली गेली नाही. या सगळ्या शस्त्रक्रिया अवघड आहेत. शिकवणारे हात कमी होत चालले आहेत.

सांधा बदलणे

बॉल ढासळून वाटीही झिजली, तर पूर्ण सांधा बदलण्यावर आज मतभेद नाही. पूर्वी एव्हीएनच्या तरुण रुग्णांत कृत्रिम सांधे लवकर सैल होत, म्हणून डॉक्टर कचरत. नव्या टिकाऊ प्लास्टिकने आणि सिरॅमिकने हे चित्र पुष्कळ बदलले आहे. आपल्याकडे याला वेगळे वजन आहे. भारतीय सांधेरोपण नोंदणीच्या 2013 च्या प्राथमिक अहवालात खुबे बदलण्याच्या जवळपास निम्म्या शस्त्रक्रियांचे कारण एव्हीएन होते, तर पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडचा खुबा बदलून घेणारा माणूस तरुण, कमावता आणि जमिनीवर बसणारा आहे. चाळिशीत बसवलेला सांधा त्याला आणखी तीन-चार दशके पुरायला हवा.

आयुर्वेदाची बाजू

महाराष्ट्रातला रुग्ण पंचकर्माकडेही जातो, तेव्हा त्याचा उल्लेख टाळून आढावा पुरा होत नाही. चरकाच्या सूत्रस्थानात हाडांच्या विकारांत कडू द्रव्यांनी सिद्ध केलेल्या दूध-तुपाच्या बस्ती सांगितल्या आहेत, आणि तिक्तक्षीर बस्तीचा वापर त्यावर आधारलेला आहे. प्रसिद्ध झालेले अनुभव बहुतेक एकेका रुग्णाचे किंवा लहान गटांचे आहेत. दुखणे कमी झाल्याचे त्यांत सांगितले जाते. एमआरआयमधल्या मेलेल्या भागाचा आकार आधी आणि नंतर मोजून, तुलनेच्या गटासह काम झाले, तर या दाव्याचा खरा निवाडा होईल. वैद्यांनी ते करावे असे मला मनापासून वाटते. ही मागणी ॲलोपॅथीच्या औषधांकडूनही आपण करतोच.

न सुटलेले

उपचारांचे आकडे इतके विसंगत का, याचे माझे उत्तर वर आले आहे. एका अभ्यासात लहान डागांचे खुबे जास्त, दुसऱ्यात मोठ्या डागांचे, आणि तुलना मात्र उपचारांची. मेलेल्या भागाचा आकार आणि जागा आधीच नोंदवून गट पाडलेल्या मोठ्या चाचण्या जवळजवळ नाहीत. भारतात अशी चाचणी शक्य आहे, कारण रुग्ण आपल्याकडे आहेत.

दुसरे कोडे करोनाचे. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने गंभीर रुग्णांत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत दिल्याने जीव वाचतात हे दाखवले. त्या दहा दिवसांची बेरीज सुमारे 400 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी होते, आणि हिंदुजाच्या तीन रुग्णांतली सर्वांत कमी मात्राही तेवढीच होती. करोना स्वतः रक्त गोठवतो, तेव्हा दोष स्टेरॉइडचा की विषाणूचा की दोघांचा, हे तीन रुग्णांवरून ठरत नाही.

तिसरा प्रश्न तपासणीचा. स्टेरॉइडचा मोठा डोस घेतलेल्या, पण काहीच दुखत नसलेल्या माणसाचा एमआरआय काढावा का? लवकर सापडलेला लहान डाग बहुधा काही करत नाही, आणि मोठ्या डागावर नक्की काय करावे यावर एकमत नाही. एका खुब्यात आजार सापडला तर दुसराही तपासावा, एवढे मात्र सर्वमान्य आहे, कारण अपघाताशिवाय झालेला हा आजार फार वेळा दोन्ही बाजूंना असतो. आपल्याकडच्या अनेक एमआरआय केंद्रांत खुब्याच्या तपासणीत दोन्ही बाजू एकाच चित्रात येतात. अहवालात दुसऱ्या बाजूबद्दल एक ओळ आहे का, ते पाहावे. नसेल, तर मागून घ्यावी.